हूम वाहून नेणारा वारा

ज्वारीची मळणी उरकली की बाबा वाऱ्याची वाट पाहायचे. खळ्यावर दाणा आणि भुसा एकत्र पडलेला. तीन पायांची लाकडी घोडी उभी. माय टोपलं भरून वर द्यायला तयार. आणि वारा पडलेला. आमच्याकडे, वरोरा तालुक्यात, वाऱ्याचा काही नेम नसतो. चैत्रात पहाटे थोडा सुटतो, ऊन चढलं की दम घेतो, दुपारी झळा घेऊन येतो आणि एखाद्या संध्याकाळी वावधन होऊन घरांवरचे टिन उचलून नेतो. उपणायला लागतो तो यांतला कोणताच नव्हे. तो एकसारखा वाहणारा हवा. दाण्याला खाली पडू द्यावं, भुसा हातभर दूर न्यावा, एवढाच. बाबा मुठीत भुसा धरून सोडायचे. सरळ पायाशी पडला की म्हणायचे, "अजून नाही." तिरपा गेला की घोडीवर चढायचे.

अशाच एका पहाटे त्यांनी वर धरलेलं टोपलं तसंच थांबवलं.

"चूप. आइक."

मला काहीच ऐकू आलं नाही. मग एक झुळूक आली आणि तिच्यासोबत आवाज आला. दूर कुणीतरी रिकाम्या रांजणाच्या तोंडाला ओठ टेकवून फुंकावं तसा. खोल, पोटातून निघालेला. हूम. जरा थांबून पुन्हा, हूम.

"माळढोक हाय थो," बाबा हळूच म्हणाले. "नर. मादीले बोलावून राह्यला."

झुळूक थांबली तसा आवाज थांबला. बाबा घोडीवर उभे, टोपलं डोक्याच्या वर, माय खाली पदर सावरत. तिघंही पुढच्या झुळकीची वाट पाहत होतो आणि त्या क्षणी कुणालाच ज्वारीची आठवण नव्हती. झुळूक आली. हूम आला. मग बाबांनी टोपलं वाकवलं आणि दाण्यांची सर माझ्या पायांशी पडली.

मी तेव्हा तिसरीत होते. माळढोकाला मराठीत हूम असंही नाव आहे, हे पुढं पुस्तकात वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. ज्यानं ते नाव ठेवलं तोही असाच कुठंतरी काम हातात धरून थांबला असणार.

चंद्रपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला वाघ आठवतो. ताडोबाला १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि आज देशभरातून लोक जिप्सीत बसून आमचा वाघ पाहायला येतात. पलीकडं वैनगंगा ओलांडली की गडचिरोली, म्हणजे जंगलच जंगल. पण आमच्या जिल्ह्याची पश्चिमेची पट्टी, वर्धा नदीकडं उतरत जाणारी, वरोरा-भद्रावतीची, ती वेगळी आहे. काळी माती, पऱ्हाटी, तूर, ज्वारी, आता सोयाबीन. मध्ये मध्ये खडकाळ उंचवटे, त्यांवर कुसळी गवत, बोरी, पळसाची खुरटी झुडपं. झाड कमी, आभाळ जास्त. वाघाला लपायला इथं जागा नाही. माळढोकाला लपायचंच नसतं. त्याला दूरवर दिसलं पाहिजे.

बाबांनी मला तो दाखवला त्या दिवशी मी त्याला आधी माणूस समजले. तुरीच्या ओळींपलीकडं पांढरी मान आणि वर काळी टोपी. धुऱ्यावरून कुणी म्हातारा पांढरा सदरा घालून, काळी टोपी लावून सावकाश चालला आहे, असंच वाटलं. चालणं घाईचं नाही. चार पावलं, मग थांबून नाकतोडा टिपणं, मग मान उंच करून चौफेर नजर. नर उभा राहिला की मीटरभर उंच भरतो, वजन पंधरा किलोपर्यंत जातं. उडू शकणाऱ्या पाखरांत जगात इतकं जड फारसं कुणी नाही. मादी लहान. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर साधारण एकच अंडं घालते आणि जवळजवळ चार आठवडे त्यावर बसते. मातीवर, वखराच्या, बैलाच्या, कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या वाटेत. इतका विश्वास जमिनीवर कुणी टाकलेला मी पाहिला नाही.

मी दगड उचलला होता. लहान मुलं उचलतात तसाच. बाबांनी माझ्या मनगटाला धरलं. "आपल्या वावरातला पाहुणा हाय, पोरी. यंदा आला, समजून घे पीक चांगलं हाय." ते खरंच होतं. किडे-नाकतोडे असतील तिथं तो येणार, आणि फवारणी नसेल तिथं किडे असणार. बाबांनी ते उलट्या टोकाकडून मांडलं होतं, एवढंच.

पुढं मी भूगोल शिकवायला लागले. चंद्रपूरच्या मुलांना ऊर्जेचे प्रकार शिकवताना खिडकीबाहेर पाहिलं तरी चालायचं. दुर्गापूरच्या अंगाला औष्णिक केंद्राच्या चिमण्या. १९८३-८४ पासून तिथं वीज तयार होते, आजची क्षमता २,९२० मेगावॅट. इंग्रजांनी वरोऱ्याला कोळशाची खाण उघडली त्याला सुमारे दीडशे वर्षं झाली. ती १९०६ साली बंद पडली, पण कोळसा काढायची सवय पडली ती पडलीच. वर्धा नदीच्या खोऱ्यात एकेक खाण उघडत गेली. रस्त्याकडेच्या वावरात दिवाळीत फुटणारा कापूस पांढरा दिसेनासा झाला. कोळशाच्या गाड्या दिवसरात्र जायच्या आणि वेचणाऱ्या बायांच्या ओंजळी काळ्या व्हायच्या.

म्हणून पाठ्यपुस्तकातलं पवनचक्कीचं चित्र मला फार आवडायचं. पांढरा खांब, तीन पाती, मागं हिरवा डोंगर. धूर नाही, राख नाही, खड्डा नाही. मुलं विचारायची, "मॅडम, आपल्याकडं का नाही?" मी फळ्यावर आकृती काढून सांगायचे: वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते, निम्मा झाला तर आठव्या हिश्शावर येते. साताऱ्याच्या पठारांवर, सांगलीच्या पूर्वेला, धुळ्याच्या साक्री तालुक्यात, बीड-धाराशिवच्या उंचवट्यांवर वारा घाटांच्या फटींतून, पठारांच्या कडांवरून जोरानं येतो. राज्यात सुमारे पाच हजार मेगावॅटच्या पवनचक्क्या आहेत, त्या तिकडं. अरबी समुद्रापासून निघालेला वारा सातशे किलोमीटर चालून आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा थकलेला असतो. मुलं हिरमुसायची. मीही हिरमुसायचे. आमच्या वाट्याला कोळसा आला आणि वारा राहून गेला, अशी एक खंत मी बरीच वर्षं जपली.

२०१९ च्या जूनमध्ये साताऱ्याला नणंदेकडं गेले तेव्हा हट्टानं चाळकेवाडीचं पठार पाहायला गेले. सज्जनगड, ठोसेघर मागं टाकून गाडी वर चढली आणि धुक्यातून पहिलं पातं बाहेर आलं. मी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरले तर उभं राहवेना इतका वारा. हा आमच्या वाऱ्याचा भाऊ आहे यावर विश्वास बसेना. आणि पातं वरून खाली येताना होणारा तो आवाज... सूप पाखडल्यासारखा. सळ्. मग थोडी उसंत. सळ्. मी डोळे मिटले आणि मला आमचं खळं दिसलं. एक प्रचंड मोठी बाई आभाळात बसून वारा पाखडते आहे आणि तिच्या सुपातून वीज गळते आहे. मला रडू आलं. आनंदाचंच होतं ते.

दोन-तीन दिवसांनी तिथल्याच एका शिक्षकांनी मला त्या पठाराविषयी एक अभ्यास सांगितला. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांचे सहकारी अमोद झांबरे, हर्षल भोसले यांनी तो केला होता आणि २०१८ साली तो प्रसिद्ध झाला होता. पवनचक्क्या असलेला पठाराचा भाग आणि नसलेला भाग, दोन्ही त्यांनी पाहिले. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पाखरं जवळजवळ चौपट कमी होती. आणि त्यांच्या भक्ष्यातला एक सुरेख सरडा, निळ्या-काळ्या-केशरी पंख्यासारखा गळा फुलवणारा, तिथं जास्त होता. या सरड्यांच्या गटाला शास्त्रज्ञांनी नावच दिलं आहे 'सरडा', आपल्या मराठीतला शब्द जसाच्या तसा उचलून. पवनचक्क्यांखालचे हे सरडे माणूस अगदी जवळ गेला तरी पळत नव्हते. त्यांच्या रक्तात भीतीचं रसायन कमी होतं. अंगानं ते हडकले होते आणि गळ्याचे रंग फिकटले होते.

हे ऐकून मी पुन्हा एकदा पठारावर गेले. या वेळी वर पाहिलं. आभाळ रिकामं होतं. पाती फिरत होती, ढग धावत होते, आणि वाऱ्यावर पंख पसरून स्थिर राहणारं एकही पाखरू नव्हतं. खाली दगडावर एक सरडा बसला होता. मी हात लांब केला. तो हलला नाही. जिवाला भीती नसणं चांगलंच असं मी समजत आले होते. पण त्या सरड्याच्या अंगावरून घारीची सावली पुसली गेली होती आणि त्या सावलीबरोबर त्याचा रंगही गेला होता. तो न पळणारा सरडा पाहून मला जे वाटलं त्याला माझ्याकडं अजून शब्द नाही.

मी घरी परतले ते माळढोकाचा विचार करत. तोपर्यंत आमच्या भागात तो एका हाताच्या बोटांवर मोजावा इतका राहिला होता. आमच्या धुऱ्यावर तर त्याला पाहून वर्षं लोटली होती. आमच्याकडं एकही पवनचक्की नव्हती. मग तो का गेला?

कारणं सगळी ठाऊक आहेत आणि एकाही कारणाला एकटं आरोपी म्हणून उभं करता येत नाही. शिकार झाली. गवताचे माळ नांगराखाली गेले. ज्वारी गेली, कापसाचं आणि सोयाबीनचं रान झालं. फवारे आले, नाकतोडे संपले. मोकाट कुत्री वाढली. १९६९ मध्ये देशात सुमारे १,२६० माळढोक असावेत असा अंदाज होता. आज दीडशेसुद्धा नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक सगळे राजस्थानात, थरच्या वाळवंटात. सालिम अलींना हा पक्षी राष्ट्रीय पक्षी व्हावा असं वाटत होतं. १९६३ साली मान मोराला मिळाला.

पण या सगळ्या कारणांनी जखमी झालेल्या, थोड्याच उरलेल्या पक्ष्याला शेवटी जे मारतं ते तार आहे. भारतीय वन्यजीव संस्थेनं थरमध्ये विजेच्या तारांखालून महिनोन्महिने चालत मेलेली पाखरं मोजली आणि हिशेब मांडला: सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरच्या त्या पट्ट्यात दरवर्षी ८० हजारांहून जास्त पाखरं तारांवर आदळून मरतात. त्यांत माळढोकही असतात. तिथं पवनचक्क्या आहेत, सौर पटलांची शेतं आहेत आणि त्यांची वीज दूर शहरांकडं नेणाऱ्या तारांची जाळी आहे. कच्छच्या अबडासा तालुक्यातही तेच. तिथं तर अशी वेळ आली की नर एकही नाही, फक्त माद्या. ऋतू येतो, माद्या माळावर थांबतात, आणि वारा रिकामा येतो.

तार त्याला दिसत नाही, याचं कारण त्याच्या डोळ्यांत आहे. ते डोक्याच्या दोन बाजूंना असतात. उघड्या माळावर आजूबाजूनं येणारा कोल्हा, वरून येणारा गरुड त्याला आधी कळावा म्हणून. समोरचं, दोन्ही डोळ्यांनी मिळून दिसणारं आभाळ त्याला अगदी अरुंद पट्टीएवढं. त्यात उडताना तो मान खाली करून जमीन पाहतो, गवत कुठं आहे, साथीदार कुठं आहेत म्हणून, आणि मान खाली गेली की समोरचं पार दिसेनासं होतं. तार दिसली तरी इतकं जड अंग ऐनवेळी वळत नाही. हजारो वर्षं माळावरच्या आभाळात समोर काहीच नसायचं. आपल्या पूर्वजांनी शिकवलेलं सगळं तो नीट पाळतो आणि त्यातच मरतो.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी गावी होते. अंगणातून पाहिलं तर पश्चिमेला तारांचे मनोरे रांगेनं उभे. आमच्या गावात त्यांना टावरची लाईन म्हणतात. लहानपणापासून ते इतके डोळ्यांत बसलेले की मी ते कधी पाहिलेच नव्हते. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत साडेसातशे किलोमीटर जाणारी उच्चदाबाची एकदिश वाहिनी १९९९ पासून चालू आहे, दीड हजार मेगावॅट वाहून नेते. पश्चिम भारताची वीज आणि दक्षिण भारताची वीज जिथं एकमेकींना भेटतात ते एक मोठं केंद्र आमच्या भद्रावतीला आहे. वर्गात मी हे अभिमानानं सांगत असे. देशाच्या नकाशावर भद्रावती ही विजेची चौफुली आहे, मुलांनो. त्याच भद्रावती-वरोऱ्याच्या माळावर विदर्भातले शेवटचे माळढोक फिरत होते, हे त्या नकाशात कुठं काढायचं मला सुचलं नव्हतं.

म्हणजे ज्या पवनचक्कीसाठी मी झुरत होते ती इथं आली असती तरी, आणि ज्या कोळशाला मी दोष देत होते तो इथून गेला असता तरी, त्याच्या वाटेत शेवटी तार होतीच. वीज वाऱ्याची असो, उन्हाची असो, दगडी कोळशाची असो, ती घरापर्यंत तारेनंच येते. माझ्या वर्गातला पंखा, मायच्या खोलीतला दिवा, बाबांच्या विहिरीवरचा मोटारपंप. मोटार आली तेव्हा आम्ही तिला हळदकुंकू लावलं होतं. ती मोटार आजही मी कुणाला परत द्यायला तयार नाही.

१९ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं माळढोकाच्या बाजूनं आदेश दिला. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश शरद बोबडे, आमच्या नागपूरचे. राजस्थान-गुजरातेत माळढोकाच्या वाटेतल्या तारा जमिनीखालून न्या, तोवर तारांना पाखरांना दिसतील अशी फिरत्या तबकड्या लावा, असा त्याचा आशय. बातमी वाचून मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, "देर झाली, पण कोनाले तं आठोला." मग २१ मार्च २०२४ ला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं तो आदेश बदलला. सुमारे ९९ हजार चौरस किलोमीटरवर सगळ्या तारा जमिनीखाली नेणं शक्य नाही, देशाला स्वच्छ वीज हवी, आणि हवामान बिघडण्याच्या झळांपासून वाचणं हाही माणसाचा हक्क आहे, असं म्हणत तज्ज्ञांची समिती नेमली. मी दोन्ही निकाल दोनदा वाचले. पहिल्यात माझे बाबा टोपलं धरून थांबले होते. दुसऱ्यात अठ्ठेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यातली माझ्या वर्गातली मुलं होती, घामानं भिजलेली, वहीनं वारा घेणारी. मला त्यांतला एकही निकाल फाडता आला नाही.

एक गोष्ट मात्र मला आता फार लागते. ज्या जमिनीवर तो जगला तिला आपल्या कागदांत कधी धड नावच नव्हतं. सातबाऱ्यावर पडीक. वनखात्याच्या यादीत निकृष्ट. आमच्या विदर्भात तर 'झुडपी जंगल' नावाचा एक प्रकार आहे, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून ८६ हजार हेक्टरांहून जास्त. ते जंगल आहे की नाही यावर महसूल आणि वन अशी दोन खाती कित्येक दशकं भांडली. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं ते वन आहे असा निवाडा दिला. मी त्याचं स्वागतच करते. तरी मनात येतं, शेवटी तेही झाडांच्याच नावानं वाचलं. गवत म्हणून, माळ म्हणून, मोकळं आभाळ म्हणून त्या जमिनीला कुणी कवटाळलं नाही. पडीक म्हटलं की तिथं खाण चालते, मनोरा चालतो, सौर पटल चालतं, पवनचक्कीही चालते. काहीच नाही म्हणून सगळं चालतं.

बाबा आमट्यांनी आनंदवन मांडलं तो वरोऱ्याचा माळही असाच, खडकाळ, कुणाला नको असलेला. ज्या कुष्ठरोग्यांना समाजानं टाकलं त्यांनी टाकलेल्या जमिनीतून अन्न काढलं. त्या मातीपुढं मी डोकं टेकवते. आणि तिथूनच बाहेर पडताना दर वेळी वाटतं, आपल्याकडं टाकलेल्याला जवळ घेणारी माणसंही आहेत, पण आधी टाकणारेही आपणच.

गडचिरोलीचं मला कौतुक वाटतं ते तिथल्या माणसांनी आपली जमीन टाकली नाही म्हणून. धानोरा तालुक्यात लेखा-मेंढा गावानं २००९ साली आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गावसभा बसते, बांबूचं, मोहाचं, तेंदूचं बोलते, सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठत नाही. मी एकदा पलीकडं गेले होते, वैनगंगा ओलांडून. तिथला वारा खाली येतच नाही. तो सागाच्या, बांबूच्या शेंड्यांवरून जातो आणि खाली नुसती कुजबुज ठेवतो. जंगलात राहणाऱ्या माणसाला झाडाचं नाव विचारा, तो उपयोग सांगेल, देव सांगेल, गोष्ट सांगेल. आमच्या माळाला अशी माणसं होती. ढोरकी होते, धनगर होते, उन्हाळ्यात मेंढरं घेऊन येणारे. गवताच्या जाती त्यांना पाठ होत्या. त्यांची सभा कधी बसली नाही. त्यांची मुलं आता गाड्यांवर आहेत, खाणींवर आहेत, पुण्याला आहेत.

आणि जिथं कायद्यानं माळ राखायला घेतला तिथंही माणसं दुखावलीच. १९७९ साली सोलापूर-नगरकडं माळढोक अभयारण्य जाहीर झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं, त्यात गावंच्या गावं, वावरंच्या वावरं. जमीन विकता येईना, घर वाढवता येईना. माळढोकाचं नाव काढलं की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी. पुढं ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. मी शेतकऱ्याची मुलगी आहे, मला ती आठी समजते. आमच्या वावरात त्याला कुणी अभयारण्य दिलं नव्हतं. बाबांनी माझं मनगट धरलं होतं, तेवढंच त्याचं अभय.

राजस्थानात सम इथं २०१९ पासून माळढोकांची अंडी उबवून पिलं वाढवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून जन्मलेलं पहिलं पिलू तिथं अंड्यातून बाहेर आलं. त्याचं छायाचित्र मी वर्गात लावलं आहे. ओलसर पिसांचं, लटपटत्या पायांचं. ज्यांनी ते जगवलं त्यांचे हात धन्य. ती पिलं वाळूवर चालायला शिकतील. पण पऱ्हाटीच्या दोन ओळींमधून मान काढून पाहणं, तुरीच्या सावलीत दुपार काढणं, हे काळ्या मातीचं वळण त्यांना कोण दाखवणार? भाषा मरते तेव्हा तिचा शेवटचा बोलणारा मरतो असं म्हणतात. इथं बोलणाराही गेला आणि ऐकून थांबणाराही.

बाबा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या दिवसांत त्यांना कमी ऐकू यायचं. ओसरीवर बसवलं की तोंड पश्चिमेकडं करून बसायचे आणि कधी कधी मूठ उघडायचे, आत काही नसताना. भुसा सोडल्यासारखी. मी विचारायचे, "काय पाहता, बाबा?" ते म्हणायचे, "वारा हाय का?" मी हो म्हणायचे. मग ते पुढं काही विचारायचे नाहीत. बराच वेळ कान लावून बसायचे.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी मी पहाटेच वावरात गेले. थंडी होती, दंव पडलेलं, वर्धा नदीकडून धुई वर आलेली. तुरी ओल्या होत्या. धुऱ्यावर पोचले आणि पाय जागच्या जागी थांबले. पश्चिमेकडून आवाज येत होता. खोल, संथ, न तुटणारा. हातातली चप्पल गळून पडली. मी तुरीतून पळत सुटले, पोरीसारखी, लुगडं काट्यांत ओढत, आणि ओळींच्या शेवटी धुईतून तो समोर आला. टावर. भिजलेल्या तारा गुणगुणत होत्या.

मी तिथंच ढेकळावर बसले. उठावंसं वाटेना. वारा मंद होता, बाबांना उपणायला हवा असायचा तसा, एकसारखा. थोड्या वेळानं सूर्य आला, धुई विरली, तारांवरचं दंव वाळलं, आणि तो आवाजही थांबला. मी मातीतली तुरीची वाळली पानं मुठीत घेतली आणि सोडली. ती तिरपी गेली.